संत्र्यांच्या गाडीतून उपासनेला

ये गं इकडे. जवळ सरक. कानातली ती बटणं काढ आधी. प्रश्न विचारायचा आणि उत्तर यायच्या आधीच "चल आजी, ठेवते, मीटिंग आहे" म्हणायचं, ही कुठली रीत? तू नागपुरात आणि मी इथं सौंसरात, म्हणून कान धरता येत नाही, नाही तर धरलाच असता. आता लिहून राहिले, म्हणजे तुला मध्येच ठेवता येणार नाही. समज की माझ्या खाटेवर पायाशी बसली आहेस. जरा सांभाळून बस, माझा उजवा पाय लांबच असतो.

तू विचारलंस, "आजी, ख्रिस्ती माणसाला चर्चला जायलाच पाहिजे का? मी मोबाईलवर उपासना लावते, प्रार्थना करते, कोणाचं वाईट करत नाही. मग सुट्टीच्या दिवशी एवढं आवरून जायचं कायले?" मुलीची मुलगी तू, लाडाची, म्हणून जास्त रागावत नाही. आणि खरं सांगू का, प्रश्न काही वाईट नाही. हाच प्रश्न उशाशी घेऊन मी किती महिने घरात बसले होते. तुझ्या आईला फोनवर आपलं "बरी आहे, बरी आहे" एवढंच सांगत होते.

न्हाणीत पाय घसरला आणि गुडघ्याची वाटी फुटली, ते तुला माहीत आहे. हाड जुळलं, पण गुडघा वाकायचा राहिला तो राहिलाच. घरात, आंगणात काठी घेऊन फिरते मी, त्याचं काही नाही. अडलं ते बसच्या पायरीपाशी. आपलं चर्च पांढुर्ण्याला, आणि पांढुर्ण्याच्या बसची पहिली पायरी एवढी उंच की ती बनवणाऱ्याच्या घरी कोणी म्हातारं माणूस नसावंच. प्लास्टर निघाल्यावर एकदा गेले होते स्टँडवर. कंडक्टर वरून हात ओढून राहिला, खालून एक अनोळखी बाई ढकलून राहिली, आणि मी मधात कापसाच्या गाठीसारखी अडकले. ड्रायव्हर म्हणतो, "आजी, चढता का उतरता, एक काही ठरवा." मी म्हटलं, "बाबू, माह्या हातात असतं तं कवाच ठरवलं असतं." सगळी बस हसली, मीही हसले, आणि घरी आले. पण त्या दिवसापासून रविवार माझा घरातच गेला.

आता आपली चर्चची मंडळी केवढीशी, तू लहानपणी पाहिली आहेस. पत्र्याचं छप्पर, भिंतीला चुना, थोडेसे बाक. रेल्वेच्या आणि दवाखान्याच्या नोकरीपायी आलेली घरं, त्यातली बरीच नागपूर-छिंदवाड्याला निघून गेली. पास्टरसाहेब दुसऱ्या गावची उपासना आटपून येतात. पेटी होती एक, तिचा भाता उंदरांनी खाल्ला. तेव्हापासून आपल्याकडे गाणं तोंडानंच उचलायचं. कोणी एकानं पहिली ओळ धरायची आणि बाकीच्यांनी तिच्यामागून यायचं. हे काम पहिले माझ्या सासूचं होतं. एका रविवारी तिनं मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "उचल." झालं, तेवढीच माझी दीक्षा. आणि घरी येताना एवढंच सांगितलं की आपल्याला सोयीचं वाटते त्याच्याहून खाली धरायचं, कारण शेवटच्या कडव्यापर्यंत पुरुषमंडळी जोशात येऊन गाणं वर वर नेतात. तेव्हापासून मीच उचलत आले. साऱ्या मंडळीत माझं तेवढंच काम. प्रवचन मला येत नाही, हिशोब मला येत नाही.

तर मी जाईना, तेव्हा पास्टरसाहेब घरी आले. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेऊन आले, प्रार्थना केली, चहा घेतला. फार चांगला माणूस. म्हणाले, "मावशी, देव काही पांढुर्ण्याच्या पत्र्याखालीच राहत नाही. तुम्ही घरीच उपासना करा. मनाला लावून घेऊ नका."

मी म्हटलं ठीक. आणि मग काय सांगू तुला, सुरुवातीला तर मजाच आली! मुंबईच्या मोठ्या चर्चची उपासना मोबाईलवर लावायची, खाटेवर पाय लांब करायचा, हातात चहा. प्रवचन चालू असताना कुकरची शिटी झाली की बोटानं पास्टरांना थांबवायचं. वरण उतरवून येईपर्यंत ते बिचारे हात वर करून तोंड उघडं ठेवून उभेच. आयुष्यात कोणत्या पाळकानं माझं एवढं ऐकलं नव्हतं. डुलकी लागली तरी कोणी खोकून जागं करत नव्हतं.

आणि नुसती मजा नाही गं. त्या दिवसांत देव मला लई जवळ होता, हे मी खोटं सांगणार नाही. तुरीची डाळ निवडता निवडता मी त्याच्याशी बोलत होते. दारावरून जाणाऱ्या बायांना पाणी विचारत होते, कोणाच्या लेकरासाठी, कोणाच्या कपाशीसाठी प्रार्थना करत होते. म्हणून तू म्हणतेस ना की घरीही होते, तर होते बाई. मी करून पाहिलं आहे.

पण रविवारी दुपार झाली की एक बारीकसं काहीतरी टोचायचं. तिकडे आता उपासना सुटली असेल. माझ्याशिवाय सुरू झाली, माझ्याशिवाय सुटली. मी त्या मंडळीची राहिले का नाही? नुसतं नाव राहिलं का? हे मी कोणालाच विचारत नव्हते. पास्टरसाहेबांनी एवढ्या प्रेमानं "घरीच राहा" म्हटलं होतं, त्यांना उलटं काय विचारायचं?

ओळखलं कोणी, तर बाजूच्या शेजारणीनं. ती बौद्ध आहे, तुला ठाऊक आहे, तुला बोरं आणून द्यायची ती. दर रविवारी सकाळी पांढरं लुगडं नेसून विहारात वंदनेला जाते आणि येताना माझ्या दारात थांबते. एक दिवस मी मोबाईलबरोबर गाऊन राहिले होते, ही उंबऱ्यात उभी.

"जय भीम मावशी. कोणाबरोबर गाऊन राहिल्या?"

"मुंबईवाल्यांबरोबर."

"त्याइले ऐकू येते का तुमचं?"

"नाही."

"मंग त्याइले कायले साथ देता? त्याइचं तं तुमच्याशिवाय बी चालूनच राहिलं." आणि टोपलं कमरेवर सरकवून गेली सुद्धा. बोलणं तिचं नेहमीच असं, मिरचीचं. मी तिला मागून ओरडले, "तुयी वंदना झाली का नीट?" ती तिकडूनच, "माही चुकली तं चार बाया हाय पकडाले!"

त्याच आठवड्यात तिगावच्या भाऊजींचा फोन आला. भाऊजी म्हणजे आपल्या मंडळीतले सगळ्यात जुने, तिगाव स्टेशनवर नोकरी केलेले, आता पेन्शनीत. आवाज मोठा, पण सुराशी त्यांची कधी ओळख झाली नाही. माझ्यामागे गाणं उचलायचं काम त्यांच्यावर आलं होतं.

"वहिनी," ते म्हणाले, "आज लई फजिती झाली. म्या उचललं तं जोरात, पण दुसऱ्या कडव्यापोतर समद्याइचा गळा बसला. बाया चूप झाल्या. शेवटलं कडवं म्या न् पास्टरसाहेबानं, दोघानंच ओढत नेलं."

"खाली धरायचं ना भाऊजी!"

"खालीच धरलं होतं. ते आपोआप वर गेलं."

मी हसून लोटपोट. पण ते हसत नव्हते. म्हणाले, "हंगामाचा सण येऊन राहिला. त्या दिवशी बी असंच करू का? तुम्ही फोनवरून उचला. म्या मोबाईल धरून उभा राहतो."

हंगामाचा सण तुला आठवतो ना? शेतातलं पहिलं जे काही येते ते वेदीपुढे आणून ठेवतात. संत्री, कापसाची बोंडं, तुरीच्या शेंगा, एखादी कोंबडी पाय बांधून. मी संत्र्यांची पिशवी बसवाल्याच्या हाती पाठवली, धुतलेलं लुगडं नेसले, केसाला तेल लावलं, आणि मोबाईलसमोर खुर्चीवर बसले. शेजारीण आलीच, "पाहू द्या मले बी" म्हणत. तिकडे भाऊजींनी मोबाईल उंच धरला. मला अर्धं छप्पर, पास्टरसाहेबांचं डोकं आणि एक कोंबडी दिसत होती.

"वहिनी, उचला!"

मी उचललं. खाली धरलं, नीट. पहिली ओळ संपली, दुसरी घेतली, तेव्हा कुठं तिकडून त्यांची पहिली ओळ माझ्या कानावर आली. मला वाटलं, मागे पडून राहिले बिचारे, थांबावं थोडं. म्हणून मी हळू झाले. तिकडे माझा आवाज उशिरा पोचून राहिला, तर त्यांना वाटलं, वहिनी थकली, आपण हळू घ्यावं. ते हळू झाले. ते हळू झालेले ऐकून मी आणखी हळू. माझं ऐकून ते आणखी. अगं, त्यांना माझी काळजी आणि मला त्यांची, आणि गाणं असं लांबत लांबत गेलं की एकेका शब्दाला श्वास पुरेना. तिसऱ्या ओळीच्या मधात ते उभंच राहिलं. मी तोंड उघडं ठेवून त्यांची वाट पाहून राहिले, आणि ते सारे तोंड उघडं ठेवून माझी.

तेवढ्यात कोंबडी ओरडली.

शेजारीण आमच्या उंबऱ्यात खालीच बसली हसता हसता. "अवं माय! मावशी, तुमचं गाणं तं चढावर बैलगाडी अडकल्यासारखं झालं!" मी हसायला लागले. तिकडची मंडळी आधीच हसून राहिली होती, पण ते हसूही मला उशिरा आलं. माझं हसू थांबलं तेव्हा त्यांचं पोचलं, म्हणून मी पुन्हा हसले, आणि माझं ऐकून ते पुन्हा. पास्टरसाहेब डोळे पुसून राहिले होते. शेवटी भाऊजींनी स्वतःच उचललं, फार उंच, आणि फोन बंद झाला.

मोबाईल मांडीवर ठेवून मी बसून राहिले. हसूही येत होतं, आणि बंद पडद्यावरून उगाच बोट फिरवत होते. शेजारणीनं पाहिलं.

"काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही गं. प्रार्थना मी एकटीनं करते. वाचन करते, उपास करते, सारं होते. पण हे नाही होत. माह्यासाठी ते थांबले पाहिजे आन् त्याइच्यासाठी मी, आन् ते तेव्हाच्या तेव्हा कळलं पाहिजे. हे फोनातून येत नाही."

"मंग जा ना."

"कशी जाऊ? गुडघा वाकत नाही."

"गुडघा वाकत नाही, तं नका वाकवू," ती म्हणाली. "माह्या दिराची पिकअप दर रविवारी संत्री घेऊन पांढुर्ण्याले व्यापाऱ्याकडे जाते. संत्र्याचे कुठं गुडघे वाकते? ते जातेच ना?"

मला वाटलं थट्टा करून राहिली. पण पुढच्या रविवारी सकाळी दारात पिकअप उभी! मागं संत्र्यांचे कॅरेट रचलेले आणि मधात एक जागा मोकळी ठेवून प्लास्टिकची खुर्ची दोरानं बांधलेली. ड्रायव्हरशेजारी बसायचं म्हटलं तर तिथं पाय लांब होत नव्हता, म्हणून ही सोय. कॅरेट चढवायची जाड फळी गाडीला तिरपी लावली. एका बाजूनं तिचा दीर, एका बाजूनं शेजारीण, आणि मी काठी टेकत टेकत चढले ना वर! खुर्चीवर बसले, पाय एका कॅरेटवर लांब केला, शेजारणीनं वरून छत्री धरली. ती माझ्याजवळ उलट्या कॅरेटवर बसली, पांढऱ्या लुगड्यातच, विहारातून थेट आलेली. असं जायचं नसते गाडीत मागं बसून, मला माहीत आहे. तुझ्या आईला सांगू नको. दीर मात्र गाडी अशी चालवून राहिला होता की जणू मागं अंड्यांचा माल आहे.

रस्ताभर काय गंमत! दोन्हीकडे बगीचे, कपाशी फुटलेली, थंडीचं ऊन. एका वळणावर चहाच्या टपरीवरचा माणूस ओरडला, "काय भाव लावला मावशीचा?" शेजारीण तिकडून, "इकाची नाही! बियाण्याची हाय!" मी तिला काठी दाखवली.

चर्चपुढं गाडी थांबली तर मंडळी बाहेर उभीच होती. भाऊजींनी दोन्ही हात वर केले. कोणी "मावशी आली", कोणी "आजी आली", एकच गलका. दिरानं मागचं फाटक पाडलं आणि मग कपाळाला हात लावला.

"फळी कुठं हाय?"

फळी सौंसरात, माझ्या दाराच्या भिंतीला टेकून! चढवताना लावली, आणि मी चढले या आनंदात कोणी उचललीच नाही. आता मी गाडीत वर, मंडळी खाली, आणि गुडघा वाकत नाही. दीर घड्याळ पाहून राहिला, "मावशी, व्यापारी माल घ्यायचा बंद करते." भाऊजी म्हणाले, "उचलून घेऊ." मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्यानं गाणं उचलत नाही, मले काय उचलता!"

सारे हसले. पास्टरसाहेब म्हणाले, "मग मावशी, तुम्हीच उचला. इथूनच."

आणि मी तिथूनच उचललं. संत्र्यांच्या मधात, खुर्चीवर, छत्रीखाली. खाली धरलं. पहिली ओळ गेली आणि दुसरीच्या आधीच ते सारे आले, तेव्हाच्या तेव्हा, माझ्या अगदी पाठोपाठ. भाऊजींचा आवाज बाजूला चाललाच होता, तो ओढून मधात आणायला मी थोडा जोर लावला, तर ते आले. एक म्हातारी मागं पडली, तर सारे तिच्यासाठी थांबले आणि कोणाला कळलंही नाही की थांबले. रस्त्यानं जाणारे दोन सायकलवाले उभे राहिले. शेवटच्या कडव्यात पुरुषमंडळींनी गाणं वर नेलंच, पण जागा ठेवली होती मी, कोणाचा गळा बसला नाही. डोळ्यातून पाणी वाहून राहिलं होतं आणि मी गाऊन राहिले होते. त्या घडीला मला कोणाला काही विचारायचं राहिलं नाही. मी मंडळीची आहे का नाही, ते तिथं रस्त्यावर ऐकूच येत होतं.

मग भाऊजींनी आतून लांब बाक आणला, तो गाडीला तिरपा लावला, चौघांनी धरला आणि मी उतरले. उतरून आत गेले. प्रभुभोजन घेतलं. शेजारीण मागच्या बाकावर बसली होती, सगळं नीट पाहून राहिली होती. सुटल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?" तर म्हणते, "बाकी ठीक हाय, पण तुमच्यात उठबस लई. घडीत उभं राहा, घडीत बसा. तुमचा गुडघा यानंच गेला असंन."

तर आता तुझं उत्तर. जायलाच पाहिजे का? पोरी, देवानं मला त्या महिन्यांत कधी गैरहजर धरलं असं मला वाटत नाही. कोणी आजारी आहे, कोणाची रविवारी ड्युटी आहे, कोणी अशा गावात आहे जिथं आपलं चर्चच नाही, त्यांना मी काय म्हणून बोलू? त्यांचा विश्वास माझ्याहून मोठाही असेल. पण तुझ्या घरापासून चर्च चालत जाण्याएवढं आहे आणि तुझे दोन्ही गुडघे वाकतात. तू कोणाचं वाईट करत नाहीस ते खरं. पण तुझ्या मोबाईलवर तू कोणासाठी हळू होत नाहीस, आणि तुझ्यासाठीही कोणी होत नाही. प्रवचन आवडलं नाही की बोटानं पुढं सारतेस. भाऊजींना असं पुढं सारता येत नाही गं. त्यांच्या शेजारी उभं राहूनच गावं लागते, आणि मला तर आता त्यांच्याशिवाय गाणं अळणी लागते. मी एवढंच शिकले. शास्त्र काय म्हणते ते पास्टरसाहेबांना विचार, ते तुला नीट सांगतील.

आता आमचं असं ठरलं आहे. संत्र्याचा हंगाम असला आणि पिकअप निघाली की मी जाते. फळीला शेजारणीनं दोर बांधून ती गाडीलाच अडकवून टाकली आहे. गाडी नसली तर घरी, मोबाईलवर, कुकरसकट. आणि पावसाळ्यात महिन्यातून एक रविवार सारी मंडळीच बसनं सौंसरला माझ्या आंगणात येते. भाऊजी रामाकोना गावच्या आपल्या सोयऱ्यालाही घेऊन येतात, तो त्यांच्याहून बेसूर आहे. त्या दिवशी शेजारीण सगळ्यांसाठी भजी तळते आणि आम्हाला उठबस मोजून दाखवते.

माझा आवाज आता थोडा कापतो, तो मला ऐकू येतो. मंडळीत दुसरी कोणी उचलणारी अजून नाही. तुझा गळा चांगला आहे, लहानपणी तू माझ्या मांडीवर बसून खालचा सूर अगदी बरोबर धरायचीस. मी काही जबरदस्ती करून राहिले नाही. बस, शनिवारी सुट्टी टाक, नागपूरहून दुपारची बस धर, सौंसरच्या स्टँडवर उतर आणि सरळ घरी चालत ये. मी खिचडी टाकून ठेवते, शेजारणीला सांगून गाडीत आणखी एक कॅरेट उलटा ठेवायला लावते. रविवारी माझ्याजवळ उभी राहा, गा नाही तर नको गाऊ. पण ये बाई, लवकर ये. याच महिन्यात ये.